जुनं सोडा मशीन: रंगाचा डबा उघडायच्या आधी

जुनं सोडा व्हेंडिंग मशीन घ्यायचं म्हटलं की नजर पहिली जाते ती रंगावर. लाल किती उरलाय, गंज कुठंकुठं आलाय, लोगो शाबूत आहे का. विकणाऱ्यालाही हे पक्कं माहीत असतं, म्हणून बाहेरून स्प्रे मारून चकाचक केलेली आणि आत निम्मे पार्ट गायब असलेली मशीनं भरपूर फिरत असतात. माझं मत आता असं झालंय की रंग हा या कामातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात शेवटचा भाग आहे, आणि नवशिक्यानं तर त्याला हातच लावू नये जोवर तीन गोष्टी होत नाहीत: मशीन सुरक्षितपणे चालू होतंय, थंड करतंय, आणि नाणं घेऊन बाटली देतंय. हे झालं की मग बघा रंगाचं काय करायचं ते, बरेचदा काहीच करावंसं वाटत नाही.

थोडं मशीनबद्दल. माझं साठच्या दशकातलं अमेरिकन आहे, उभं, चौकोनी, एका बाजूला अरुंद काचेचं दार आणि त्यातून एकाखाली एक बाटल्यांची झाकणं दिसतात. नाणं टाकायचं, दार उघडायचं, मान धरून बाटली ओढायची. एक बाटली निघाली की बाकीच्या सगळ्या रांगा लॉक. संग्राहक लोक खरं म्हणजे याच्या आधीच्या पन्नासच्या दशकातल्या गोल खांद्यांच्या मशीनांवर जीव टाकतात, व्हेंडो ८१, व्हेंडो ४४, कॅव्हेलियर ७२ वगैरे, हे आकडे साधारणपणे किती बाटल्या मावतात त्यावरून पडलेत. व्हेंडो ही कॅन्सस सिटीची कंपनी, कॅव्हेलियर टेनेसीतल्या चॅटानूगाची, व्हेंडोरलेटर कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोची आणि ती १९५६ मध्ये व्हेंडोनंच विकत घेतली. गोल खांद्यांची मशीनं दिसतात फार देखणी पण किंमती तशाच, आणि एखादा पार्ट नसला तर तो शोधण्यातच जीव जातो. चौकोनी मशीनांना कुणी फारसं विचारत नाही म्हणून ती स्वस्त मिळतात आणि आतलं काम तेच शिकवतात. पहिलं मशीन चौकोनीच घ्या असं मी सांगेन.

घेताना काय बघायचं? गंज नाही, तर काय काय *नाही* ते बघायचं. कॉइन मेकॅनिझम (नाणं तपासणारा डबा) आहे का, बाटल्यांचे रॅक पूर्ण आहेत का, आतली बाटली अडवणारी पट्ट्या-लिव्हरची साखळी आहे का, कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून थंडावा आणणाऱ्या पंपाचा) डेक खाली बसवलेला आहे का की तिथं नुसतं भगदाड. पत्रा जोडता येतो, डेंट काढता येतो, पण साठ वर्षांपूर्वी बंद झालेल्या मॉडेलचा एक छोटा लिव्हर मिळवायला दुसरं अख्खं मशीन विकत घ्यावं लागतं. आणि खालचा तळ हात घालून चाचपून बघा. आत गार हवेतलं पाणी सुटतं, ते नळीतून खालच्या ट्रेमध्ये जायला हवं, नळी तुंबली की ते तळाशी साठतं आणि पत्रा आतून बाहेर सडतो, बाहेरून रंग अगदी ठणठणीत दिसत असताना.

किल्ली नसेल तर ड्रिल काढायची घाई करू नका हो. कुलूपवाला बऱ्याचदा सिलिंडरवरून किल्ली बनवून देतो, आणि दारालगत ड्रिल घसरलं तर जो ओरखडा येतो तो कायमचा.

घरी आणताना मशीन शक्यतो उभंच आणायचं. आडवं करावंच लागलं तर आणल्यावर निदान एक दिवस तरी उभं ठेवून द्यायचं, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल आडव्या अवस्थेत पाइपांत गेलेलं असतं, ते परत खाली उतरायला वेळ लागतो आणि त्याआधी चालू केलं तर बिनतेलाचा कॉम्प्रेसर फिरणार. माझ्या घरात "लाव ना एकदा, बघू तरी चालतंय का" असं म्हणणाऱ्यांची संख्या जास्त होती. पण तेल उतरलं तरी प्लग लावायचा नाहीच. म्हणजे अजिबात नाही.

कारण वायर. त्या काळच्या रबराच्या आवरणाच्या वायरी असतात, वाकवल्या की आवरण बिस्किटासारखं तुटून पडतं आणि आतलं तांबं उघडं. वरून दोन पिनांचा प्लग, म्हणजे अर्थिंग नाहीच, आणि अख्खी बॉडी लोखंडाची, आत पाणी, हात लावणारा माणूस बऱ्याचदा ओल्या हाताचा. तेव्हा पहिलं काम म्हणजे जुनी कॉर्ड काढून जाड तीन तारांची कॉर्ड, अर्थची तार रंग खरवडून थेट बॉडीच्या पत्र्याला स्क्रूनं घट्ट, आणि मशीन आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच. ज्या मशीनांना पुढं ट्यूबलाइट आहे त्यांचा बॅलास्टही (ट्यूबचा चोक) बघा. १९७९ च्या आधीच्या बॅलास्टमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं. काळं चिकट काही गळालेलं दिसलं तर हातमोजे घालून वेगळं काढायचं आणि घातक कचऱ्यातच द्यायचं, त्याच्या जागी एलईडी पट्टी लावली की प्रश्न मिटतो. आणि ही मशीनं ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झची. २३० व्होल्टच्या देशात स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही ऐसपैस क्षमतेचा, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो. शिवाय ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही, त्यामुळे ५० हर्ट्झवर मोटर थोडी सावकाश फिरते आणि जास्त तापते. हे माहीत असावं.

आता कॉम्प्रेसर. इथं मला वाटत होतं त्यापेक्षा काम बरंच सोपं निघालं, कारण तो बंद डबा आहे, आत काही करायचंच नसतं, फक्त तपासायचं असतं आणि तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. प्लग काढलेला असताना डब्यावरच्या तीन पिना उघड्या करायच्या: कॉमन, स्टार्ट, रन. तीन जोड्या, तीन रीडिंग. सगळ्यात मोठं रीडिंग स्टार्ट आणि रनच्या मधलं, आणि ते बाकीच्या दोघांच्या बेरजेइतकं यायला हवं. म्हणजे समजा कॉमन-रन ३ ओहम, कॉमन-स्टार्ट ९, तर स्टार्ट-रन १२ च्या आसपास. बेरीज जुळली तर आतल्या वाइंडिंग (मोटरमधल्या तारांच्या गुंडाळ्या) बहुधा ठीक आहेत. मग कुठलीही पिन आणि कॉम्प्रेसरची उघडी बॉडी यांच्यात बघायचं, तिथं काहीच जोड दिसता कामा नये, दिसला तर वाइंडिंग बॉडीला टेकलंय, तो कॉम्प्रेसर संपला. माझी बेरीज जुळली तेव्हा मी एकटीच गॅरेजमध्ये टाळ्या वाजवल्या, कुणी बघत नव्हतं ते बरं.

बेरीज जुळूनही कॉम्प्रेसर नुसता गुणगुणून ट्रिप होत असेल तर आधी स्टार्ट रिले (मोटर सुरू करून देणारा) आणि ओव्हरलोड (जास्त तापली की तिला बंद करणारा) बदलून बघायचे, हे दोन्ही स्वस्त भाग आहेत आणि कॉम्प्रेसरला दोष देण्याआधी यांचीच शक्यता जास्त. कंडेन्सरची (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी) जाळी मात्र आधीच साफ करा. ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर, आणि तिथून जे काही निघतं त्याचं वर्णन जेवायच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी टाळते. पंखा हातानं मोकळा फिरतो का बघा, पंखा अडकला तर कॉम्प्रेसर बिचारा तापून मरतो.

गॅसबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. त्या काळच्या मशीनांत थंड करायला बहुतेक आर-१२ नावाचा गॅस असतो. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या गॅसांपैकी हा एक, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन आवरत गेलं आणि अमेरिकेत १९९५ च्या शेवटी बंदच झालं. तिथं तो हवेत सोडणं १९९२ पासून बेकायदा आहे. म्हणजे सीलबंद पाइपिंग जोवर थंड करतंय तोवर त्याला हात लावायचा नाही, "गेज लावून बघू किती प्रेशर आहे" हेसुद्धा नाही, कारण बऱ्याच जुन्या सिस्टिमना गेज लावायची जागाच नसते, ती पाडावी लागते, आणि तेवढ्यात जो गॅस जातो तो या छोट्या सिस्टिमसाठी थोडाथोडका नसतो. गळतीच असेल तर लायसन्सवाल्या टेक्निशियनकडे द्या. तो आर-१३४ए (त्याच्या जागी आलेला गॅस) भरायचा म्हणाला तर विचारा की तेलाचं काय करणार, कारण आर-१२ बरोबरचं मिनरल ऑइल १३४ए मध्ये नीट मिसळत नाही, तेल बदलावं लागतं. एवढा एक प्रश्न विचारला की समोरच्याचं ज्ञान लगेच कळतं. आणि त्याहून फार जुनी, म्हणजे तीस-चाळीसच्या दशकातली काही यंत्रं सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइडवर चालायची, दोन्ही विषारी, तसलं काही हाती लागलं तर त्याचं थंड करायचं युनिट उघडायचं स्वप्नही बघू नका.

थंडावा चांगला पण टिकत नाही, असं असेल तर दोन गुन्हेगार. एक दाराचं रबर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर तिथून हवा जातेय. दुसरा, भिंतीतलं इन्सुलेशन. जुनं काचेच्या लोकरीचं असतं, त्यात दशकानुदशकं ओल मुरलेली, आणि बऱ्याचदा उंदरांच्या पिढ्या नांदून गेलेल्या. तो वास साबणानं जात नाही. आतला पत्रा काढून सगळं उपसायचं (मास्क, हातमोजे, लांब बाह्या), आणि नवीन फोमचे बोर्ड मापानं कापून घालायचे. दाराच्या चौकटीभोवती प्लास्टिकच्या पट्ट्या असतात त्या थंड असताना काढायला गेलात तर काडकन मोडतात, हेअर ड्रायरनं आधी थोड्या गरम करून घ्या. थर्मोस्टॅट मी असा लावलाय की आत १ ते ३ अंश सेल्सिअस राहतं. त्याखाली नेलं तर काचेच्या बाटल्या फुटायची भीती.

आणि आता माझा लाडका भाग, कॉइन मेकॅनिझम. नाणं टाकलं की आत काय होतं याचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. हा तळहाताएवढा लोखंडी डबा विजेशिवाय नाण्याची चार-पाच परीक्षा घेतो आणि तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. नाणं आधी एका छोट्या पाळण्यावर येतं, वजन कमी असलं तर पाळणा कलतच नाही, आकार लहान असला तर ते मधूनच खाली पडून परत येतं. भोक असलेला वॉशर कुणी टाकला तर त्याला अडकवायला आकडा. पुढं चुंबक: लोखंडाची चकती तिथंच चिकटून बसते. पण खरं नाणं, ज्यात लोखंड नाहीच, तेही चुंबकाजवळून जाताना हळू होतं, कारण हलत्या धातूत चुंबकामुळं भोवऱ्यासारखे प्रवाह तयार होतात आणि ते ब्रेक लावतात, आणि तो ब्रेक किती लागणार हे धातूवर अवलंबून. मग नाणं एका ऐरणीवर आपटून उसळतं. योग्य वेगाचं नाणं उसळून बरोबर योग्य खाचेत पडतं, जास्त वेगाचं पलीकडं जातं, कमी वेगाचं अलीकडं राहतं, म्हणजे परत. एवढंच. कुठं सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही.

याचा परिणाम असा की ही मशीनं नाण्यांवर राज्य करायला लागली, हे मला फार भारी वाटतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला निकेल धातू वाचवायचा होता, तर १९४२ ते १९४५ मध्ये पाच सेंटचं नाणं ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीजचं केलं, आणि ते मिश्रण असं निवडलं की व्हेंडिंग मशीनला फरक कळू नये. १९६५ मध्ये डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टर (पंचवीस सेंट) या नाण्यांमधली चांदी काढून टाकली तेव्हाही तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचा थर असं सँडविच निवडण्यामागं तेच कारण होतं. चांदीचा डाइम २.५ ग्रॅमचा, नवा २.२६८ ग्रॅमचा, तरी माझं मशीन दोन्ही घेतं. आणि कोका-कोलाची किंमत १८८६ पासून १९५९ पर्यंत पाच सेंटला चिकटून राहिली त्यामागंही हे मशीन हे एक कारण होतंच, सहा सेंट कसे घेणार, मशीन तर एकच नाणं ओळखतं! १९५३ मध्ये कंपनीचे रॉबर्ट वुडरफ यांनी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना साडेसात सेंटचं नवं नाणं काढा म्हणून गळ घातली होती. ते काही झालं नाही. एक आयडिया तर अशीही निघाली होती की मशीनमध्ये दर नऊमागं एक जागा मुद्दाम रिकामी ठेवायची, म्हणजे कुणा एका दुर्दैवी माणसाला दोनदा नाणं टाकावं लागणार आणि सरासरी किंमत ५.६२५ सेंट होणार. विचार करा, कडक उन्हात तहानेनं जीव जातोय आणि आपल्या वाट्याला रिकामी खाच.

तर हा डबा साफ करताना नियम एकच. तेल नाही. डब्ल्यूडी-४० नाही, शिलाई मशीनचं तेल नाही, थेंबभरही नाही. तेलावर धूळ बसते, धुळीचं किट्ट होतं, पाळणा हलायचा थांबतो. गरम पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पूर्ण वाळवणं. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस चिकटपट्टीनं उचलायचा. एवढं करूनही खरी नाणी परत येत असतील तर डबा उघडत बसण्याआधी मशीनच्या डोक्यावर स्पिरिट लेव्हल ठेवा. मशीन जरा जरी कललेलं असलं तरी नाण्याची उसळी बिघडते आणि चांगलं नाणं नापास होतं. माझ्या मशीनच्या एका पायाखाली पातळ पत्र्याचा तुकडा सारला आणि मेकॅनिझम एकदम शहाणं झालं.

गंजलेल्या छोट्या लोखंडी भागांसाठी मला इलेक्ट्रोलिसिस आवडलं. प्लास्टिकची बादली, चार लिटर पाण्याला एक टेबलस्पून वॉशिंग सोडा, बारा व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. गंजलेला पार्ट निगेटिव्हला, भंगार लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला, दोघं एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, त्यातून क्रोमियमची घातक संयुगं पाण्यात उतरतात. हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावर करायचं आणि आसपास ठिणगी नको. ॲल्युमिनियमचे भाग यात घालू नका, खाल्ले जातील. हँडल, नाणं परत यायचं बटण वगैरे क्रोमचे भाग बऱ्याचदा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात, तेही नकोत, त्यांना बारीकात बारीक स्टील वूल आणि थोडं तेल (इथं चालतं तेल!) एवढंच.

बाटल्यांचं एक लफडं आधीच सांगून ठेवते. ही मशीनं ठरावीक काचेच्या बाटल्यांसाठी बनलेली, साडेसहा, दहा, बारा औंस, आणि आजची बाटली जरा बारीक निघाली तर दोन एकदम सुटतात, जाड निघाली तर अडकते. रॅकला पट्टी लावून जागा कमी करता येते, वाढवता येत नाही. मशीन घेण्याआधी तुम्हाला सहज मिळणारी बाटली घेऊन जा आणि विकणाऱ्याच्या समोरच रॅकमध्ये घालून बघा, तो काय म्हणेल ते म्हणू दे.

राहिला रंग. १९७८ च्या आधीच्या अमेरिकन रंगांत शिसं असायची शक्यता भरपूर, त्यामुळे कोरडं सँडिंग बंद, घरात लहान मुलं असतील तर त्याहून बंद. ज्यांना पूर्ण रंगवायचंच आहे त्यांनी केमिकल स्ट्रिपर वापरावा. सँडब्लास्टिंग सपाट मोठ्या पत्र्यावर केलं तर दार असं वेडंवाकडं होतं की पुन्हा सरळ होत नाही. उठावाची अक्षरं असतील तर आधी लाल मारून वाळल्यावर छोट्या फोमच्या रोलरनं नुसत्या उठावावर पांढरा फिरवायचा, ब्रश घेतला की कडा बिघडलीच.

मी रंगवलं नाही. आतला सडलेला तळ तेवढा बदलून प्रायमर मारला, बाहेर पॉलिश आणि मेण. फिकट लालच ठेवलाय, हँडलजवळ हजारो हातांनी रंग घासून खालचा पत्रा दिसतोय तोही तसाच. काही लोकांना हे अर्धवट वाटतं, नवऱ्यालाही वाटतं, तो अजून रंगाची कार्डं आणून माझ्या टेबलावर ठेवतो. पण नवा रंग कधीही मारता येईल, पुढच्या वर्षी, दहा वर्षांनी, आणि हा गेला की गेला. मला सध्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातल्या रबराचं जास्त पडलंय, तिथून कागदाची पट्टी अजून सुळकन निघते.